चार नावं, दोन फवारे

हे वाचताना ज्यांचा घसा दुखतोय, त्यांनी आधी एक आवंढा गिळून बघावा. दुखलं? मग तुम्ही माझे मानाचे पाहुणे. बसा. मी तुमचं स्वागत करणार आहे, पण हळू आवाजात. मला आता तेवढीच परवानगी आहे.

मला नाना म्हणतात. मांडवगण फराट्याला माझी शेती आहे. त्यात शेवंती, झेंडू आणि बांधाकडेला थोडी वांगी. पण पंचक्रोशीत मला शेवंतीसाठी कोणी ओळखत नाही. आमच्याकडे लग्नात एक माणूस माइक धरून उभा असतो आणि मांडवात शिरणाऱ्या पाहुण्याचं नाव, गाव, हुद्दा पुकारून स्वागत करतो. नवरदेव उशिरा आला तर चालतो. एखाद्याचं नाव राहिलं, तर तो न जेवता घरी जातो आणि पुढच्या चार लग्नांत तेच सांगत फिरतो. तर तो पुकारणारा माणूस म्हणजे मी. बावीस वर्षं. कमल, दौंड तालुक्यात दिलेली माझी बहीण, म्हणते, "दादाला भीमेच्या अलीकडं उभा केला तरी आमच्याकडं रेल्वेचा भोंगा बंद ठेवतील."

पण माझ्या आवाजाचा खरा धनी घरातच होता. आप्पा, माझे वडील. ऐंशी ओलांडली, कान गेले. बाहेरची माणसं त्यांच्यापुढे नुसते ओठ हलवतात, असं त्यांचं म्हणणं. "नानाचं तेवढं कळतं," ते म्हणायचे. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी त्यांना दिवसभराचा वृत्तांत ओरडून सांगायचो. फूल किती निघालं, कुणाच्या घरी पाळणा हलला, त्यांची चौकशी कुणी केली. चौथ्या घरापर्यंत सगळ्यांना वर्तमानपत्राची गरज उरायची नाही. पुण्याहून आणलेलं कानाचं मशीन मात्र फडताळात डबीत पडून होतं. "शिट्ट्या मारतंय ते," एवढंच कारण.

तोंड उघडा, जीभ बाहेर

लग्नसराई भरात होती. धूळ, बर्फाचं पाणी, दिवसाला दोन मांडव आणि वर सर्दी. एका सकाळी आवंढा गिळला आणि घशात बाभळीचा काटा आडवा झाला. तीन दिवस मी मिठाच्या गुळण्या केल्या, हळदीचं दूध प्यायलो, ज्येष्ठमध चघळलं. माझी बायको सुमन प्रत्येक उपायाबरोबर एकच वाक्य ऐकवायची, "अहो, सगळं करून झालं. आता गप बसून बगा की एकदा."

चौथ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एक छोटी बाटली. तिला लांब चोच. घशातली सूज आणि आग कमी करणारा स्प्रे. तोंड उघडायचं, जीभ बाहेर काढायची, श्वास रोखायचा, चोच घशाकडे करायची आणि दाबायचं.

पहिल्या खेपेला मी श्वास रोखायचं विसरलो. औषध भलत्याच वाटेनं गेलं आणि मी असा खोकलो, की म्हशीनं वैरण सोडून माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या खेपेला जमलं. आधी पुदिन्यासारखी कडसर चव, जराशी चुरचुर, मग जीभ जड, ओठ परका, आणि थोड्या वेळानं काटाच नाहीसा! तीन दिवसांत पहिल्यांदा घोट दुखल्याशिवाय खाली गेला. डोळ्यांत पाणी आलं हो. मी सुमनला म्हणालो, "ज्यानं हे शोधलं त्याचं मी मांडवात स्वागत करीन. हुद्द्यासकट!"

आप्पा ओट्यावरून हे सगळं न्याहाळत होते. शेवंतीवर मावा कीड पडली की मी पाठीवरचा पंप घेऊन फवारतो, ते त्यांना माहीत.

"का रं नाना, घशावर बी मावा पडला का?"

"सूज हाय आप्पा, सूज!" मी ओरडलो.

"मंग मोठा पंप घे की. एवढ्याशानं काय व्हतंय?"

दुसऱ्या सकाळी मी दूध डेअरीवर बाटलीचं प्रात्यक्षिक केलं. प्रात्यक्षिक हा माझा जुना स्वभावदोष. रांगेतल्या चौघांनी कॅन खाली ठेवले आणि आ वासले. आमच्याकडे तंबाखूची डबी कधी एकट्याची नसते. एकानं काढली की हातोहात फिरते आणि मालकाकडे रिकामी परत येते. त्याच न्यायानं माझी बाटली फिरली. चोच एक, तोंडं पाच.

"नाना, मला दोनदा मारा. माझं तोंड मोठं हाय."

"ते गावाला म्हाईत हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

आठवडाभरात डेअरीवरचे तिघं माझ्यासारखेच खोकत होते. आधी कुणाचा खोकला कुणाला लागला, ते त्या चोचीलाच ठाऊक.

दौंडचं लग्न

पुढच्या आठवड्यात कमलच्या मुलीचं लग्न होतं, दौंडला. म्हणजे मी मामा, आणि पुकारणाराही मीच.

आदल्या संध्याकाळी आप्पांनी मला तीनदा विचारलं, गाडी किती वाजता निघणार. दोनदा मी ओरडून सांगितलं. तिसऱ्यांदा घशात आग उठली आणि मी तडकलो, "ते मशीन घाला की आप्पा! तुमच्याशी वरडून वरडून माझा घसा फाटलाय!"

माझं बोलणं त्यांना नीट ऐकू जायचं. दुर्दैवानं हेही ऐकू गेलं. आप्पा धोतराचा सोगा झटकून उठले आणि आत गेले.

लग्नाच्या दिवशी मी स्प्रे खिशात घातला. मांडवामागे पाण्याची टाकी होती. हिशोब असा ठरवला, चार नावं झाली की टाकीमागे जायचं, दोन फवारे मारायचे, परत माइकवर. दिवसातून किती वेळा मारायचा हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते प्रमाण मी पहिल्या अर्ध्या तासातच संपवलं. घसा बधिर होता. दुखत नव्हतं, म्हणून मी आणखी जोर लावला. दुखणं हा बैलाचा कासरा असतो आणि मी तो हातानं सोडून दिला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याचंही माइकवरून स्वागत केलं असतं.

आप्पा पहिल्या रांगेत होते. फेटा बांधून, माझ्याकडे तोंड करून. नवरीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. भरल्या मांडवातली नावं ऐकणं ही त्यांची एकुलती एक चैन.

"दूध संघाचे माजी चेअरमन, सन्माननीय श्री. भाऊसाहेब..."

पुढे आडनाव होतं. ते आलं नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा एक आवाज आला आणि तोही संपला.

भाऊसाहेब मांडवाच्या दारात हात जोडून उभे. एक पाय आत, एक बाहेर.

"या की चेअरमन," व्याही म्हणाले.

"येतो. नाव होऊ द्या."

त्यांच्या मागे पंधरा-वीस पाहुणे तुंबले. मी तोंड उघडतोय, मिटतोय. माशाची आठवण झाली म्हणे लोकांना. शेवटी व्याह्यांनी भाऊसाहेबांचा हात धरून त्यांना अर्ध्या नावानिशी आत ओढलं.

मी आप्पांकडे पाहिलं. ते कानामागे हात धरून पुढे वाकले होते. बराच वेळ तसेच वाट पाहत राहिले. मग हात हळूच खाली घेतला.

मंगलाष्टकांना मी भाचीच्या मागे मामा म्हणून उभा राहिलो आणि अक्षता टाकल्या. दुसरं काहीच करता येत नव्हतं.

पडद्यावर

दोन दिवसांनी प्राजक्तानं, माझ्या मुलीनं, रांजणगावच्या कंपनीतली फर्स्ट शिफ्ट बुडवली आणि मला स्कूटीवर मागे बसवून शिरूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई तरुण होत्या, प्राजक्तापेक्षा थोड्याच मोठ्या. नाकातून बारीक नळी आत गेली आणि समोरच्या पडद्यावर माझा गळा उजळला.

ज्यांना ही नळी घालून घ्यायची आहे, त्यांना सांगतो, दुखत नाही. नाकातून गोगलगाय चालल्यासारखं वाटतं आणि डोळ्यांतून पाणी येतं, बस. मी तर रंगून बघत होतो. आत एक छोटा पडदा होता, उघडायचा, मिटायचा. बोटाच्या पेराएवढ्या दोन पट्ट्या. बावीस वर्षं मी ज्यांच्या जिवावर मिरवलं, त्या ह्या? आणि दोन्ही लाल, टरारलेल्या. डावीवर एक बारीकसा उंचवटा.

उंचवटा दिसला तेव्हा माझं रंगणं थांबलं.

"काका, तंबाखू?"

मी हातानं सांगितलं, सोडली. मग सहा बोटं दाखवली. सहा वर्षं झाली.

"त्याआधी?"

बोटं पुरेनात. प्राजक्तानं सांगितलं. मग तिनं टाकीमागचे फवारे सांगितले. वर डेअरीसुद्धा सांगितली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, पाय मुरगळल्यावर तो बधिर करून कोणी शर्यतीत पळतं का? स्प्रे दुखणं कमी करतो, सूज उतरायला मदत करतो. आवाजाच्या तारांपर्यंत तो जात पण नाही. तुम्ही दुखणं झाकलंत आणि ओरडलात. आणि बाटली एकाचीच असते. टूथब्रश फिरवता का डेअरीवर?"

मी मान खाली घातली.

"आणि एक सांगा. हातात माइक असताना ओरडत कशाला होतात?"

बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि उत्तर असतं तरी देता कुठं येत होतं?

त्यांनी सांगितलं ते असं. तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं तर आणखी ताण येतो. मग पुन्हा नळी. उंचवटा सुजेचा असेल तर बसेल. नाही बसला, तर पुण्याला जाऊन तुकडा तपासायला पाठवायचा. "तुकडा" हा शब्द त्यांनी अगदी साधेपणानं उच्चारला. तो माझ्याबरोबर स्कूटीवर बसून घरापर्यंत आला.

वाटेत न्हावरे गावात प्राजक्तानं गाडी थांबवली. "पप्पा, रस घेऊ या. बिनबर्फाचा." पोरगी कंपनीत क्वालिटीला आहे, अख्खा दिवस खोट काढण्याचं काम. ग्लास तसाच हातात धरून ती रस्त्यावरच्या टँकरकडे बघत होती. मला तिला काहीतरी गमतीचं सांगायचं होतं. आयुष्यभर मी प्रत्येक भीतीवर गंमत मारली आहे, आणि नेमक्या त्या वेळी तोंडाला कुलूप. मी माझा ग्लास तिच्या ग्लासाला टेकवला. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, "रस नाही गोड."

मुका मालक

मुक्या माणसाचं घरात काय होतं, ऐका. पहिल्या दिवशी सुमन म्हणाली, "लग्न झाल्यापासून आज पैल्यांदा माजं वाक्य पुरं झालं." मग तिनं पुढचे दोन तास वाक्यं पुरी केली. कुणाला बोलवायचं तर वाजवायला मला ताट-चमचा दिला. प्राजक्तानं मोबाइलवर अशी सोय करून दिली, की मी लिहायचं आणि मोबाइल वाचून दाखवायचा. पण आवाज बाईचा. फुलांच्या आडत्याला फोनवर त्या बाईनं विचारलं, "शेवंतीला आज उठाव आहे का?" तो म्हणाला, "वहिनी, नानांना द्या."

गिळताना दुखायचं तेव्हा स्प्रे होताच, आता सांगितला तेवढाच. जेवणाच्या थोडा आधी मारायचा, बधिरपणा जरा उतरला की मऊ भात खायचा. अगदी बधिर घशानं खायला बसलो तेव्हा ठसका लागून भात नाकात गेला होता. तर तेवढं सांभाळा. ती चुरचुर, मग येणारा थंडावा, आणि मग एक घास शांतपणे खाली जाणं. छोटी गोष्ट आहे, पण त्या दिवसांत मी तिची वाट पाहायचो.

भीती सकाळी यायची. उठल्या उठल्या मी आरशात तोंड उघडून बघायचो, जणू तारा तिथं दिसणार आहेत. मनात रोज तोच शब्द. तुकडा.

एका दुपारी भाऊसाहेब आले. खुर्ची ओढून समोर बसले. "नाना, माझं नाव अर्ध्यात लोंबतंय. दोन लग्नांत दुसऱ्यानं पुकारलं. मी न्हाई गेलो आत, मागल्या दारानं जेवलो." मी ताट वाजवून हसलो. निघताना ते म्हणाले, "घाई न्हाई. पन पुरं कराल तर तुमीच." मी त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेलो. घरी येताना त्यांचं पुरं नाव मी मनातल्या मनात दोनदा पुकारलं.

पण आप्पा माझ्यासमोर येत नव्हते.

संध्याकाळी ओट्यावर त्यांची घोंगडी रिकामी. मी बसलो की ते उठून गोठ्यात जायचे आणि अंधार पडेपर्यंत तिथंच. जेवताना नजर ताटात. मला वाटलं, रुसले. त्या संध्याकाळचं माझं तोडून बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं. आणि माझी शेवटची वाक्यं, आवाज कायमचा गेला तर त्यांच्या कानात राहणारी शेवटची वाक्यं, ती होती. तुकड्याच्या भीतीपेक्षा हे जास्त टोचायचं.

मी सुमनला वहीत लिहून दाखवलं, "आप्पा रुसलेत."

तिनं वाचलं आणि पोळी तव्यावरच ठेवून माझ्याकडे वळली. "रुसत्यात कशाला? अहो, ते मला काय म्हनले म्हाईत हाय का? 'माज्यासंगं वरडून पोराचा गळा गेला. मी म्होरं बसलो तर त्याला बोलावंसं वाटंल. त्यापरीस लांब बरा.' मी मान हालवून न्हाई न्हाई म्हनले, तर त्यांना वाटतंय मी समजूत घालतीय."

आता बघा थट्टा. त्यांना एकाच माणसाचं बोलणं पटणार, आणि तोच मुका.

मी फुलांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुमच्यामुळे नाही. लग्नांमुळे." गोठ्यात नेऊन त्यांच्या हातात दिला. आप्पा दुसरी शिकलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, अक्षर अक्षर लावून वाचलं. मग पुठ्ठा उलटा केला. मागे छापलेलं होतं, ताजी फुले. तेही वाचलं.

"लिवलेलं काय," ते म्हणाले, "कुनी बी लिवतं."

आणि माझ्या गळ्यावरून, बाहेरून, म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, एकदा हात फिरवला.

पाच मिनिटं

तीन आठवड्यांनी पुन्हा नळी. मी पडद्याकडे बघितलंच नाही, प्राजक्ताच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. ती क्वालिटीची पोरगी, खोट असती तर तिथं आधी दिसली असती. तिचे खांदे हळूहळू खाली आले.

"बसलाय उंचवटा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुण्याला जायची गरज नाही. रोज पाच मिनिटं बोला, अगदी हळू. मग वाढवत नेऊ. पण काका, ओरडणं आता नाही. कधीच नाही. परत कधी आवाज असा बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर फवारे मारत बसू नका. दाखवायला या."

तुम्हालाही तेच सांगतो. स्प्रे मित्र आहे, त्याला डॉक्टर करू नका.

भाऊसाहेबांना मोबाइलमधल्या बाईनं कळवलं, की नाना आता ओरडणार नाहीत. ते म्हणाले, "वरडू नका. तुमी हळू म्हना, माइक जरा वाढवू." बघा, डॉक्टरबाई आणि माजी चेअरमन दोघांना कळलं, मला तेवढं बावीस वर्षं कळलं नव्हतं.

मांडवाचं मिटलं. पण ओट्याचं काय? हळू आवाज आप्पांपर्यंत पोचणार कसा? आवाज परत मिळाला होता, आणि तो ज्याच्यासाठी हवा होता त्याच्यासाठी निकामी होता. स्कूटीवर सबंध रस्ता मी हाच विचार करत आलो. वाटेत एक शब्द बोललो नाही. पाचही मिनिटं शिल्लक ठेवली. घरी सुमन म्हणाली, "पैली दोन मिंटं माजी." मी हात जोडले आणि बाहेर आलो.

आप्पा ओट्यावर होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी शेजारी टेकलो, तरी उठले नाहीत. कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू येत होती. कुकर म्हणावा तर स्वयंपाकाला अजून वेळ होता. मी इकडे तिकडे पाहिलं. शिट्टी त्यांच्या टोपीखालून येत होती.

दारात प्राजक्ता तोंडावर ओढणी धरून उभी. "पंधरा दिवस चाललंय, पप्पा. गोठ्यात. मी सेल घालून द्यायचे आणि ते म्हशीजवळ बसून प्रॅक्टिस करायचे. म्हणाले, तिचा रवंथ ऐकू आला की मग नानाचं ऐकू येईल."

आप्पा सरळ समोर बघत होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. हात मांडीवर घट्ट.

मी आयुष्यात सगळ्यात हळू जे बोललो असेन, ते बोललो. कुजबुज नव्हे, पण जेमतेम आवाज.

"आप्पा."

ते दचकले. कानावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हळू की रं! केवढ्यांदा वरडतोस?"